ताणावरची बाग आणि चौदा बाटल्या

सोमवार, अठ्ठावीस एप्रिल. सकाळी सहाला सत्तावीस डिग्री, दुपारी त्रेचाळीस, वारा नाही, आभाळात ढगाचं नाव नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या तिगावात आता जो भेटला तो हेच म्हणून राहिला, की भिवाजीचं डोकं उन्हानं फिरलं. अहो, सकाळी सात वाजता कोणाचं डोकं फिरते? माझं डोकं एकदम जागेवर होतं! मी फक्त समजावून सांगितलं, दुसरं काही केलं नाही, आणि समजावून सांगणं हा जर गुन्हा असेल तर शाळा कशाला बांधता, कुलपं लावा सगळ्यांना...

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. रामाजीदादा माझा मोठा भाऊ. त्याची संत्र्याची बाग, आठ ओळी, एका ओळीत चौदा, एकशे बारा झाडं. दादाची सून प्रणाली, वैभवची बायको, हुशार पोरगी, सौंसरहून बालवाडीचा कोर्स करून या घरात आली आणि आल्यापासून तिच्या मनात एकच, की गावात बालवाडी काढायची. जागा कुठली? बागेत विहिरीजवळ दादाची कोठी आहे, पक्की, दोन खिडक्यांची, आत खताची पोती. ती तिनं मागितली. दादा दोन महिने हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसता मिशीवर हात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, ठीक आहे, उन्हाळ्यात पंधरा दिवस सकाळी लेकरं आण बागेत, खेळव, शिकव, मी पाहतो. झाडांना धक्का नाही लागला तर कोठी तुझी, आणि लागला तर बालवाडीचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही.

आणि धक्का म्हणजे काय? फांदी मोडणं नाही, पान तोडणं नाही. पाणी! कारण बाग ताणावर होती. तुम्ही संत्रावाले नसाल तर ताण म्हणजे काय ते सांगावं लागेल, तशी मला आता कोणाला काही सांगायची भीतीच वाटते, पण थोडक्यात सांगतो. एप्रिल-मेमध्ये झाडाला पाणी द्यायचं नाही. मुद्दाम. झाड सुकते, पान दुमडते, पिवळं पडते, बघणाऱ्याला वाटते आता गेलं. मग जूनमध्ये पाऊस पडला की तेच झाड असं फुलते, असं फुलते की सकाळी बागेत उभं राहवत नाही वासानं! पण मधेच पाणी लागलं तर सगळं बिघडलं. नुसती पालवी येते, फूल नाही. म्हणून दादा या दिवसांत बागेत येणाऱ्या माणसाला हातातला चहासुद्धा बाहेर प्यायला लावते.

तर त्या सोमवारी लेकरं आली. चौदा. तीन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि प्रत्येकाच्या गळ्यात पाण्याची बाटली. प्यायला. त्याला दादाचीही ना नव्हती, लेकरू तहानलेलं कोण ठेवेल? वेळापत्रक मी तयार केलं होतं, पुठ्ठ्यावर, लाल-निळ्या पेननं, पट्टी लावून. सात ते सव्वासात बेडूकउड्या. सव्वासात ते साडेसात जमिनीवर टाकलेल्या दोरावरून चालणं. मग चिंचोके आणि खडे वेगळे करणं, मग पानं लहान-मोठी लावणं, मग टायर लोटणं. साडेआठपर्यंतचा कार्यक्रम, मिनिटाला मिनिट. तुम्हाला सांगतो, या पोट्ट्यांनी तो सात वाजून अकरा मिनिटांनी संपवला! उड्या, दोर, चिंचोके, टायर, सगळं. चिंचोके तर सुमेधनं वेगळे करायच्या ऐवजी खिशात भरले. आणि चौदाही जण माझ्याकडे पाहून राहिले, आता काय?

प्रणाली गाईला चारा टाकायला गेली होती. मला म्हणून गेली, काकाजी, तोपर्यंत एखादी गोष्ट सांगा. आता मला राजाची गोष्ट येत नाही, कोल्ह्याची येत नाही. मला जे येते ते येते. समोर झाड होतं, पान होडीसारखं दुमडलेलं होतं, मी म्हटलं याचंच सांगू. आणि मी ताण समजावून सांगितला. वीस मिनिटं! तिकडच्या फांदीवरची चिमणी हलली नाही इतकी शांतता. चौदा लेकरं, तोंडं उघडी. मी माझ्या बावन्न वर्षांत कोणाला इतकं लक्ष देऊन माझं ऐकताना पाहिलं नाही, बायकोला तर नाहीच नाही. मी म्हटलं, हे झाड पंचवीस दिवसांपासून पाणी प्यालेलं नाही. श्रुती म्हणून एक आहे, चार वर्षांची, दोन वेण्या, तिनं विचारलं, त्याले तहान लागली? मी म्हटलं, शाब्बास, बरोबर, खूप लागली. मी फक्त समजावून सांगितलं!

मग मी पुठ्ठा दुसऱ्या फांदीला बांधायला गेलो. चार मिनिटं लागली, सुतळीची गाठ बसत नव्हती. परत येऊन पाहतो तर पहिल्या ओळीत प्रत्येक झाडापाशी एक लेकरू. चौदा झाडं, चौदा लेकरं, एकही जागा सोडून नाही, एकही धक्काबुक्की नाही. काय शिस्त! माझं मन भरून आलं हो. मला वाटलं यांनी आपल्या मनानं नवीन खेळ काढला, म्हणून मी खिशातून पेन काढलं लिहून ठेवायला... आणि मग मला बाटल्या दिसल्या. उलट्या.

चौदा बाटल्या, अर्ध्या अर्ध्या लिटरच्या, दोन अर्ध्या प्यालेल्या, म्हणजे साडेसहा लिटर, आणि त्यात सुमेधच्या बाटलीत लिंबाचं शरबत. संत्र्याच्या झाडाला! मी धावलो, पण धावून काय उपयोग, पाणी आळ्यात, आळं ओलं, आणि लेकरं झाडांना विचारून राहिली होती, बरं वाटलं का? अजून पायजे का?

आणि दादा आला. याच वेळेला यायचं होतं त्याला! फाटकातूनच त्याला पहिली ओळ दिसली, चौदा काळे गोल, कोरड्या पांढऱ्या मातीत. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आला, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, भिवा, तू काय करून राहिला होता? मी सांगितलं. खरं ते सांगितलं, की मी फक्त समजावून सांगितलं. प्रणाली गाईकडून येऊन उभी होती, पदर बोटाला गुंडाळत. दादा तिला म्हणाला, उद्यापासून बंद. ती लेकरांच्या चपला गोळा करायला लागली.

तेवढ्यात श्रुतीनं दादाच्या धोतराचं टोक ओढलं आणि म्हणाली, "आबा, झाडाले तहान लागली त तुमी पाणी काऊन नाई देत?"

आता मला सांगा, दादानं काय करायला पाहिजे होतं? गप बसायला पाहिजे होतं! माझं झालेलं पाहत होता ना समोर? पण नाही. दादा खाली बसला. साठीचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून लग्नात पंगतीला बसत नाही, तो मातीत मांडी घालून बसला आणि सांगायला लागला. खुरपी मागवली. पहिल्या झाडाचं आळं उकरलं. पाहा म्हणे, तुमचं पाणी किती गेलं, बोट घाला. चौदा लेकरांनी बोटं घातली. दोन बोटं गेलं होतं, बस, त्याच्या खाली कोरडं ठाक. दादाचा जीव भांड्यात पडला आणि तिथून तो जो सुटला! मूळ इथं नाही, मूळ खाली, कोपराएवढं खाली. पान असं कां दुमडलं, मूळ कुठं जाते, मुंगी कुठं राहते. लेकरं मातीत पालथी, नाकाला माती, एकीनं तर ढेकूळ चाटून पाहिलं. सव्वानऊ वाजले, आया घ्यायला आल्या, त्यासुद्धा ऐकत उभ्या. आणि शेवटी दादा, फार खुशीत, हात झटकून म्हणाला,

"असं थोडं थोडं सगळ्याईले टाकून काई होत नाई, बाप्पा. झाडाले पाणी लागाले एका जागी दहा बादल्या पायजेत. दहा."

आणि प्रणालीला म्हणाला, उद्या आण यांना, बेरकी आहेत.

मंगळवार, एकोणतीस. साडेत्रेचाळीस. दादा सकाळी सातला निघाला, तोही तयारी करून, खिशात भिंग, हातात वाळलेली फांदी. मी मागे. फाटकातून आत गेलो तर चौदा नाही, एकवीस लेकरं! बातमी गावात फिरली होती. बाटली कोणाकडेच नाही. बादल्या होत्या, तांब्ये होते, तेलाचा कापलेला डबा होता, एकाकडे कुकर होता, झाकणासकट. आयांना पोरांनी सांगितलं होतं की आबानं आणायला लावलं, आणि आयांनी भांडी दिली, रामाजीचं नाव ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? विहिरीला जाळी आहे, पण बैलांचं टाकं उघडं, तिथून पहिल्या झाडापर्यंत रांग लागलेली, भरलेलं भांडं पुढे, रिकामं मागे, आणि श्रुती झाडाच्या बुडाशी उभी राहून मोजत होती. प्रणाली हात पसरून रांगेसमोर उभी, पण एकवीस लेकरांना दोन हात किती पुरतील? पहिली तीन झाडं झाली होती.

दादानं विचारलं, कोणं सांगितलं तुमाले हे?

एकवीस बोटं दादाकडे.

शपथेवर सांगतो, मी नुसता पुठ्ठ्याकडे पाहत राहिलो. दादा तिसऱ्या झाडापाशी वाकला, ओल्या आळ्यात हात घातला, मनगट गेलं, मग कोपर गेलं. हात तसाच आत ठेवून श्रुतीला विचारलं, किती टाकल्या? ती म्हणाली दहा. दादानं म्हटलं, मोजून दाखव. तिनं सगळी भांडी रांगेत मांडायला लावली आणि मोजून दाखवलं, लहान डबे दोन मिळून एक बादली धरून. मागच्या आठवड्यात ही पोरगी चारनंतर एकदम नऊ म्हणत होती.

दादानं हात बाहेर काढला, धोतराला पुसला आणि सुनेकडे पाहिलं.

"सांगितलं तसंच केलं वं यायनं," म्हणाला. "दहा म्हणजे दहाच."

मला फाटकावर बसवलं आहे. आत जाणाऱ्या लेकराच्या हातातलं भांडं काढून घ्यायचं, पाणी तिथंच पाजायचं, आणि कोणाशी काहीही बोलायचं नाही, अशी ड्यूटी. मी काय म्हणणार? बसतो.

झाड एक, दोन आणि तीनला आठ मेला पालवी फुटली, फूल नाही. बाकी एकशे नऊ झाडं ताणावर आहेत. कोठीतली बावीस पोती दादानं दहा मेला बाहेर काढून पडवीत रचली. बालवाडीत एकोणीस नावं लागली.