वाकडी करंगळी

पोलिसांच्या ट्रेनिंगले फालतू म्हणू नका बाप्पा, माह्या घरचंच सांगतो. आमची पोरगी सुषमा पोलिसात लागली, अन् झटापटीचे डाव शिकताना तिची करंगळी मोडली. तिची माय म्हणे, "कायले पायजे असली नौकरी?" पोरगी म्हणे, "माय, इथं चुकलं तं बोट मोडते. बाहेर चुकलं तं जीव जाते."

यंदा आसगावले दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तिचा बंदोबस्त होता. आमी दोघं नवरा-बायको दंडारीचा खेळ पाहाले गेलो. तेवढ्यात एक दारुड्या धान कापाचा इळा घेऊन सख्ख्या भावावर धावला. सुषमानं हातातली काठीच फेकून देली. तिची माय वरडली, "काठी काहून फेकली वं?" तवरिक पोरीनं दोन्ही हातानं त्याचं मनगट धरून पिरगाळलं. इळा खाली पडला, अन् मागोमाग तो पालथा.

त्याची म्हातारी माय रडत आली अन् त्याचा हात चाचपू लागली. "एकबी बोट नाही मोडलं वं बाई माह्या पोराचं!"

आमच्या बायकोनं सगळ्या मंडईसमोर सुषमाची वाकडी करंगळी वर धरली. म्हणे, "माह्या पोरीचं मोडलं होतं ना आधी, म्हणून!"