पंचांचा पिवळा रुमाल

हसू नका, माझ्या जागी तुम्हीही हेच केलं असतं. इथे कुवेतला आमच्या कॉलेजची पोरं अमेरिकन फुटबॉल खेळतात आणि मी त्यांना पाणी देतो. यंदा बिचारी सगळे सामने हरली. शेवटच्या सामन्यात पंचांचा पिवळा रुमाल खाली पडलेला दिसला. मी मैदानात धावलो, रुमाल झटकून त्यांच्या हातात दिला.

"साब, आपका रुमाल गिर गया."

कोच ओरडले, "चाचा, गिरा नहीं, फेका है! हमारा फाउल हुआ है!"

वाटलं, गेली नोकरी. पण पंचच हसत सुटले, मग आमची हरलेली पोरंही.

त्या पोरांच्या सह्यांचा एक पिवळा रुमाल आज माझ्या देवांपाशी आहे. देताना कप्तान म्हणाला, "चाचा, ये गिरा नहीं, फेका भी नहीं. आपको दिया है."