सहीसकट उतरवलेलं रजिस्टर

हसा लेको, पण सौसरले मी त्या दिवशी चोरच ठरलो होतो! आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेनं तिथं शाखा काढली होती. झेरॉक्स मशीन तेव्हा कुठं होती? हेडमास्तर मले म्हणे, "वाचनालयाचं रजिस्टर हुबेहूब उतरव. काना-मात्रा सोडू नको."

पहिल्याच पानावर होतं, ‘गावंडे बाबूंशिवाय कोणी हात लावू नये.’ खाली आमचं वाचनालय सांभाळणाऱ्या त्या बाबूची सही. मी तेही उतरवलं, सहीसकट, आन् नक्कल घेऊन सौसरले गेलो.

सौसरचा चपराशी सखाराम भलताच शक्की. पहिलं पान वाचलं आन् रजिस्टर छातीशी धरलं.

"तुमी गावंडे बाबू?"

"नाही बा. पण हे मीच लिहिलं."

"मंग हात काहून लावला?"

"आण इकडं, ती ओळच खोडतो."

"हात न लावता खोडा."

दुसऱ्या दिवशी खुद्द गावंडे बाबूले बसनं घेऊन गेलो. सखारामनं त्यायले कागदावर सही कराले लावली, रजिस्टरशी ताडून पाह्यली.

"जुळत नाही."

मंग डोळे बारीक करून मले म्हणे, "आता तुमी करा."

मी केली. तंतोतंत जुळली.

सखारामनं रजिस्टर माझ्या हातात देल्लं. "काल नाव काहून लपवून राहिले होते, गावंडे बाबू?"