नऊ वर्षं जिंकणाऱ्यांच्या घरी

हॅलो? …कोण? …आई, तुम्ही? …हो, फुमिएच बोलतेय. ऐकू येतंय, ओरडू नका…

हो ना, नववं. ह्यांच्या जायंट्सचं बेसबॉलचं सलग नववं अजिंक्यपद… सणासुदीचा लाल भात केलात? …अख्ख्या गल्लीत वाटलात? …दरवर्षीसारखा, हो, पण गुडघे दुखतात ना तुमचे…

आम्ही मजेत. …मिळाला टॉयलेट पेपर, तेलटंचाईच्या धास्तीने सगळेच साठवतायत, दीड तास रांगेत उभी होते… ह्यांच्या शर्टाचा बिअरचा वास काही जात नाही. जिंकल्यावर एकमेकांच्या डोक्यावर ओततात ना… नाही, तक्रार कसली? नऊ वर्षं धुतेय, हात बसलाय आता.

…हे? अंघोळीला गेलेत. …खरं सांगू? तुमचाच फोन असणार म्हणून आत शिरलेत.

आई, ऐका ना… बसलात का? …नाही, कुणाला काही झालं नाही. …नाही हो, तसलंही काही नाही, आहेत ती दोघं पुरे झालीत… अहो, ऐका तरी. तुमच्या कुनिहिकोला ओसाकाकडच्या एका संघाने बोलावलंय. …कॅचर म्हणून. …छे, जिंकणारा कुठला? सहावा आलाय यंदा. …सहांत सहावा, आई.

…हो. …हो, कळतंय मला. जायंट्स ते जायंट्स… गल्लीत काय तोंड दाखवणार, बरोबर आहे… शेजारच्या ओकुमुराकाकू हसतील? हसू देत ना हो.

…उद्या उत्तर द्यायचंय. हे म्हणतात, आई नको म्हणाली तर नाही जायचं. …एकतीस वर्षांचा घोडा झालाय, मान्य, पण म्हणतात खरं असं. आणि मनातून जायचंय त्यांना. जेवतानासुद्धा लक्ष नसतं…

का जायचंय? …आई, रागावणार नाही ना? …आम्ही सांगायचो ना, कॅमेरा ह्यांच्या बाजूला जात नाही म्हणून टीव्हीवर दिसत नाहीत… ते खोटं होतं. हे खेळतच नाहीत, आई. नऊ वर्षांत एक सामना नाही. मैदानाच्या कोपऱ्यात बसून पिचरचे चेंडू झेलायचे, त्याचा हात मोकळा होईस्तोवर. मग पिचर जातो खेळायला आणि हे तिथेच बसतात. तिकडे निदान सामन्यात खेळवतील. रोजचे दोनशे चेंडू… डाव्या हाताचं ते सुजकं बोट दारात नव्हतं हो चिमटलं…

…काय? …ठाऊक होतं? …कधीपासून?

…पहिल्याच वर्षी? …अहो, मग तो लाल भात? …संघासाठी नव्हताच?

…मुलगा आणखी एक वर्ष टिकला म्हणून.

…नाही, हसतेय मी. …रडतही असेन थोडी. मला तरी सांगायचंत. नऊ वर्षं दोघी एकमेकींना बनवत बसलो…

मग, जाऊ दे ना त्यांना? …नाही हो, तिकडचे सामने टीव्हीवर दाखवत नाहीत. बघायलाच जेमतेम माणसं असतात, म्हणे. …कोण? तुम्ही? ओसाकाला? मुराकामी गाव सोडून कधी निगाता शहराच्या पुढे गेला नाहीत तुम्ही… आणि सामन मासे कोण वाळत घालणार? …बरं बरं, एप्रिलात नसतो. चुकलं माझं.

…तिकीट मी काढते. कुठे बसायचंय? …कॅचरच्या मागे? अहो, तिथून ह्यांची नुसती पाठ दिसेल…

…हो.

…हो, आई. …नऊ वर्षांत तेवढीही दिसली नाही. …खरंय.

…त्यांना बोलावू का? …नको? …बरं, उद्या बोला सावकाश. …सांगते, आत्ताच सांगते. …ठेवा तुम्ही. …आई? …ठेवला वाटतं.

अहो… या बाहेर. पाणी गार झालं असेल. आई जा म्हणाल्या.