मी नुसता टेकलो

आता तुम्हीच सांगा, खुर्ची काय मी मागितली होती? मी नुसता टेकलो हो, बसलो नाही...

तुम्हाला सांगतो, आमच्या शिवणकारखान्यातल्या चळवळीत खुर्ची नव्हतीच. लष्कराचं राज्य होतं तेव्हा सुताच्या गोदामात बैठका व्हायच्या, खुर्चीवर बसलं की डोकं खिडकीतून दिसायचं, म्हणून सगळे जमिनीवर, मग राज्य गेलं, सवय राहिली, तिचा नियम झाला. मागणी एकच : पाळी चालू असताना मागच्या दाराला कुलूप घालू नका. आग लागली तर बायकांनी पळायचं कुठून? माझी बायको त्या दारापाशीच काजं करते हो!

आल्या पहिल्या निवडणुका. चळवळीचा पुढारी मी, म्हणून एका मोठ्या पक्षाचे सरचिटणीस माझ्या घरी आले, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, म्हणाले, ‘दादा, तुम्ही-आम्ही एकच. तुमचं दार जाहीरनाम्यात पहिल्या ओळीत!’ मी विरघळलो. झाली युती.

काल युतीची सभा. मी व्यासपीठावर, समोर कारखान्यातल्या आमच्या बायका, सवयीनं जमिनीवर. मी म्हटलं, उभाच राहतो, तर सरचिटणीस खांदा दाबतायत, ‘अहो दादा, मागच्यांना दिसत नाही.’ म्हणून टेकलो. नुसता टेकलो! आणि शेजारच्या खुर्चीत कोण? आमचा मालक! तोही युतीत! त्यानं पाण्याची बाटली सरकवली आणि मी... लाज वाटते सांगायला... मी ‘थँक्यू सर’ म्हणालो.

मग सरचिटणीस कानात, ‘दाराचं आत्ता नको. आधी सत्ता, मग दार. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात.’ आणि मी माइकवर सांगितलं हो, जसंच्या तसं! टाळ्या पक्षाच्या लोकांनी वाजवल्या. माझ्या बायकोनं मान खाली घातली. चूक माझी, मान तिची... मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी गेलो. वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी पुन्हा त्याच कुलपाआड जायचं होतं तिला. तिनं ताटं वाढली. आईचं, मुलीचं, तिचं ताट जमिनीवर, आणि मधोमध शेजाऱ्यांकडून मागून आणलेली खुर्ची, पुढ्यात स्टुलावर माझं ताट. ‘बसा,’ म्हणाली. एरवी मला अरे-तुरे करते ती.

खाली जागाच ठेवली नव्हती हो. भूक तर लागलेली.

मग काय करणार... टेकलो.