जावयाचा कोट

...नाही, मला एक सांगा, सरकार बनवायला इतके दिवस लागतात का हो? मागच्या वेळचंच बघा, निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उधळला, कानातला गुलाल निघायला आठवडा गेला, मुख्यमंत्री झाले, उपमुख्यमंत्री झाले, आणि बाकीचे मंत्री कुठायत? तर म्हणे, यादी दिल्लीत आहे. अहो, आमची बायको लग्नाची यादी करायला बसली की चहा थंड व्हायच्या आत पाचशे माणसं लिहून मोकळी होते, त्यात रुसलेले वेगळे, त्यांना समजवायला कोण जाणार ते वेगळं. आणि यांची चार टाळकी ठरत नाहीत! तुम्ही म्हणाल, तुला काय करायचंय रवींद्र, तू काय आमदार आहेस? नाही बाबा. पण माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात नवरदेवाचं हसं व्हायची वेळ आलेली ना, ती या यादीमुळे. म्हणून पोटतिडकीनं बोलतोय.

तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, म्हणजे माझ्या मंजुळाताईचे मिस्टर, दौलत टेलर. कोपरला दुकान आहे. माणूस एकदम सरळ, म्हणजे त्रास होईल इतका सरळ. त्यांच्या ऐश्वर्याचं लग्न ठरलं विठ्ठलवाडीच्या प्रीतमशी. आमच्यात नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे करतात, त्यामुळे साखरपुड्यातच दाजी उभे राहिले आणि भर मांडवात बोलले, "अर्ध्या डोंबिवलीचे नवरदेव मी नटवले. माझ्या जावयाचा कोट मी माझ्या हातानं शिवणार." झालं. विहीणबाई, शेवंतीबाई, त्यांनी ते वाक्य उचललं आणि विठ्ठलवाडीपासून गावाकडच्या चुलत्यांपर्यंत पोचवलं. आमच्या प्रीतमचा कोट खुद्द व्याही शिवणार... कापड आलं, कपाटात ठेवलं, मुहूर्ताला अजून दीड महिना. सगळं छान.

आणि एका दुपारी दुकानाच्या मागच्या दारानं आमदार आले. महिपतभाऊ. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, सोबत कुणी नाही. दाजींना वाटलं उसवलेलं काही असेल. तर भाऊ हळूच म्हणतात, "दौलत, या वेळी माझं नाव आहे म्हणतात. शपथविधीला बंद गळ्याचा कोट शिव. पण कुणाला कळता कामा नये. आधीच कोट शिवला हे बाहेर गेलं तर लोक हसतील, आणि वर गेलं तर नाव कापतील."

"कुणी विचारलं तर काय सांगू भाऊ?"

"सांग, जावयाचा आहे. लग्न आहेच ना तुझ्याकडे."

आता कोणी म्हणेल, सरळ नाही म्हणायचं. कसं म्हणतील? मंजुळाताईचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त मिळत नव्हतं. मी गावाला गेलेलो, दाजी दवाखान्याच्या जिन्यात डोकं धरून बसलेले. तेव्हा हे महिपतभाऊ कोण होते? कुणीच नाही. गणपती मंडळाचे खजिनदार. ते आले, पहिल्यांदा स्वतःची बाही वर केली, मग मंडळातली पोरं उभी केली, आणि ताई शुद्धीवर येईपर्यंत दाजींना वडापाव भरवत बसले. माझी बहीण आज मला शिव्या घालायला जिवंत आहे ना, ती त्यांच्यामुळे. त्या माणसाला दाजी नाही म्हणणार? जीभ झडेल त्यांची.

तर शिवला कोट. गर्द निळा, आत रेशमी अस्तर, काय सांगू तुम्हाला, नुसता बघत राहावा. भाऊ तेव्हा चांगले भरलेले, गळपट्टी मिटताना दाजींना गुडघा टेकवायची पाळी. कोट दुकानात टांगला. येणारा-जाणारा विचारतो, कुणाचा हो? दाजी खाली मान घालून सांगतात, जावयाचा. ताईनं विचारलं, तिलाही तेच. कळस म्हणजे शेवंतीबाई स्वतः आल्या, कोट हातानं चाचपला, फोटो काढला, घराण्याच्या ग्रुपवर टाकला, आणि म्हणाल्या, "व्याही, नजर लागेल असा झालाय. पण आमच्या प्रीतमला जरा ढगळा नाही का होणार?" आमचा प्रीतम म्हणजे तुम्हाला सांगतो, आडवा झाला तर सतरंजीवर दिसणार नाही. दाजी म्हणाले, "फिटिंग बाकी आहे."

आणि यादी? यादी दिल्लीत.

दाजींचा हिशेब साधा होता. शपथविधी झाला की भाऊ कोट घेऊन जातील, मग आपण निवांत बसून प्रीतमचा शिवू. आधी का नाही शिवायचा? अहो, मीही हेच विचारलं, पण सगळं उरकल्यावर! तर म्हणतात, "दुकानात दुसरा कोट दिसला तर लोक विचारतील, मग हा कुणाचा? मला जावई एकच आहे रवी." आणि घरी शिवायचा तर घरी पाहुणे, लाडू, पापड, मशीन ठेवायला जागा नाही. म्हणजे बघा, दिल्लीत यादी अडली म्हणून मुंबईत शपथ अडली, मुंबईत शपथ अडली म्हणून कोपरला कात्री अडली. हे कुठल्या पेपरात आलं का? नाही आलं.

तिकडे रोज बातम्या. संभाव्य मंत्री! सकाळी भाऊंचा फोटो दुसऱ्या ओळीत, दुपारी कोपऱ्यात, संध्याकाळी गायब. शपथविधी सोमवारी... नाही, गुरुवारी... नाही, अमावास्येनंतर. भाऊंची झोप गेली, जेवण गेलं. फोन वाजला की दचकायचे, आणि फोन कुणाचा, तर काळुराम ढोलवाल्याचा, "साहेब, पथक कधी पाठवू?" काळजीनं माणूस असा सुकत गेला की कोट अंगावर पोत्यासारखा लोंबायला लागला. मागच्या दारानं आले, "दौलत, जरा आत घे." दाजींनी आत घेतला. पुन्हा आले, पुन्हा घेतला. दाजींची एक खोड आहे, ते शिवणीच्या आतलं जादा कापड कधी कापत नाहीत. म्हणतात, माणसाचं काय सांगावं, आज बारीक आहे, उद्या सुटेल. ताई म्हणायची, "अहो, जावयाचा कोट अजून किती बारीक करणार, पोरगं श्वास कसा घेईल?"

यादी मात्र दिल्लीतच.

आणि कधी यावी? हळदीच्या दिवशी. उद्या दुपारी शपथविधी! भाऊंचा माणूस आला, कोट घेऊन गेला. घरात हळद वाटली जातेय, बायका गाणी म्हणतायत, आणि आमचे दाजी न्हाणीघरात तोंडावर पाणी मारत उभे. तेव्हा मला आत ओढून पहिल्यांदा खरं सांगितलं. मी कपाळाला हात लावला. सकाळी आम्ही दोघं भाड्याचा कोट आणायला गेलेलो, लग्नसराईत काय उरणार? सोनेरी जर, बाह्या आखूड, आणि कॉलरला आधीच्या नवरदेवाची हळद. तो कोट घालून प्रीतम हॉलमध्ये उभा. गरीब पोरगं, एक शब्द बोललं नाही.

पण शेवंतीबाई बोलल्या. हॉलच्या दारातच, सगळ्या पाहुण्यांसमोर. "व्याही, निळा कोट कुठाय? आम्ही फोटो दाखवलाय सगळ्यांना. हा कुणाचा?"

आता दाजींनी काय करावं? खरं सांगावं तर ज्या माणसानं बायको वाचवली त्याची अब्रू जाते. न सांगावं तर आपण खोटारडे ठरतो, आणि लेकीच्या सासरी पहिल्याच दिवशी. ऐश्वर्या मुंडावळ्यांतून बापाकडे बघतेय. दाजींनी मान खाली घातली. मी बोलणारच होतो, तर दाजींनी माझा हात असा दाबला की बोट अजून दुखतं.

आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो, तेव्हा दारात महिपतभाऊ. जुना कुर्ता, उतरलेला चेहरा. हॉलमध्ये मोबाइलवर शपथविधी चालू, सगळे मंत्री शपथा घेतायत, आणि हे इथे. सगळ्यांना कळलं. अभिनंदन करावं की सांत्वन करावं, कुणाला सुचेना, काळुरामनं ढोलावरून हात काढला. सकाळपासून हॉटेलात कोट घालून फोनची वाट बघत बसलेले, फोन आलाच नाही, गाडी फिरवून थेट लग्नाला आलेले. त्यांनी शेवंतीबाईंचा प्रश्न ऐकला. प्रीतमकडे बघितलं, दाजींच्या खाली घातलेल्या मानेकडे बघितलं, आणि आल्या पावली परत फिरले. मला वाटलं, झालं, हेही रुसले. तर गाडीतून तो निळा कोट घेऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माफ कर दौलत. जावयाचा कोट इस्त्री करून आणतो म्हणून मीच नेला आणि मलाच उशीर झाला. विहीणबाई, चूक माझी."

प्रीतमनं कोट घातला. असा बसला, असा बसला की जणू त्याच्याच मापावर बेतला होता. सरकारनं भाऊंना वाळवून वाळवून बरोबर आमच्या जावयाच्या मापाला आणून ठेवलेलं! दाजींनी खिशातून सुई काढली, बाहीला दोन टाके घातले, आणि टाके घालता घालता रडले. मला सुद्धा भरून आलं, खोटं कशाला बोलू. मंत्रिपद हुकल्याच्या दिवशी दुसऱ्याच्या लेकीची लाज राखायचं सुचतं, असा माणूस मला पुन्हा बघायला मिळायचा नाही. भाऊ शेवटपर्यंत थांबले, अक्षता टाकल्या, आणि महिन्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. जिलबी मागून घेतली.

ताई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, तेव्हा भाऊंचं नाव आधी घेते, मग माझं. मी काही बोलत नाही, हक्क आहे त्यांचा.

आता गेल्या महिन्यात पुन्हा बातम्या सुरू झाल्या. फेरबदल! काही जुने जाणार, काही नवे येणार. आणि एका दुपारी मागचं दार वाजलं. मास्क, टोपी. "दौलत... तो जावयाचा कोट... आहे का रे?" भाऊ आता पुन्हा पहिल्यासारखे भरलेत. दाजी घाबरले, कोट कसा होणार? पण इकडे ताईच्या हातचं खाऊन प्रीतमही तेवढाच सुटलेला, आणि आतलं जादा कापड दाजींनी त्याच्यासाठी कधीच मोकळं केलेलं. कोट नेमका इस्त्रीला दुकानात आलेला, भाऊंनी घातला, बटणं लागली, आरशात बघून खूश. दाजी म्हणाले, घेऊन जा. तर म्हणाले, "नको, इथेच टांग. यादी आली की नेतो. तोवर लागला तर जावयाला घालू दे."

तर कोट दुकानात टांगलाय. येणारा-जाणारा विचारतो, कुणाचा हो? दाजी या वेळी मान वर करून सांगतात, जावयाचा. आणि जावई तो घालून लग्नसराईतली सगळी लग्नं जेवून आला...

यादी अजून दिल्लीतच आहे.