हनुवटीचं फडकं

सिलवासाच्या दवाखान्यात मी खोकल्याच्या औषधाची वाट बघत बसलो होतो. बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. शेजारच्या बाकावर किलवणीच्या शाळेतल्या एक बाई आणि त्यांचे यजमान येऊन बसले. ते नुकतेच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले होते.

"ऐकलंस ना, प्रमिला? टायफॉइडमध्ये अंग उतरलं, म्हणून मानेची कातडी लोंबते. दुसरा रोग नाही."

"ऐकलं. दूध-तूप खाल्लं की थोडी भरेल, बाकीची वयाची, म्हणाले. बेचाळीस हे काय वय झालं? वर्गात पोरं मला कोंबडी म्हणतात."

"म्हणू देत. पण ते फडकं आज चुलीत घालायचं."

"चांगलं धुतलेलं फडकं आहे! शाळेतल्या विजयाबाई म्हणाल्या, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारून निजलं की कातडी वर चढते."

"मला सांगून बांधायचंस की नाही?"

"तुम्ही हसला असतात."

"हसलो असतो तर बरं झालं असतं. सकाळी चहा घेऊन आलो, तर तू उताणी पडलेली आणि जबडा बांधलेला. हाक मारायची छाती होईना."

"म्हणून माझे पाय चाचपत होतात?"

"गरम आहेत का बघत होतो."

"मग रडलात कशाला? मला वाटलं, माझी मान बघून."

"गरम होते म्हणून."